शिंपल्यांचं मौन

पंपघराच्या अंगणात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. टाकीच्या जिन्यावर पोरं, कुंपणावर पोरांचे बाप, आणि दुकानं अर्धवट उघडी टाकून आलेले दुकानदार टाचा उंचावून उभे. मधोमध एक मेज आणि मेजावर काचेची पेटी. पेटीत तळ्याचं पाणी आणि एक वीट. विटेवर शिंपले इतके दाट चिकटले होते की वीट दिसतच नव्हती. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि प्रत्येकाचं तोंड किंचित उघडं.

मेजामागे मौनीबाबा उभे होते. नाव मौनी, पण सकाळपासून त्यांच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नव्हता.

"मंडळी, शिंपला म्हणजे काय? शिंपला म्हणजे पाण्याचं गाऱ्हाणं! पाणी दुखावलं की त्याला तोंडं फुटतात. हजार तोंडं, लाख तोंडं! आणि का नाही दुखावणार? तुम्ही त्याला नळात कोंडलंत, यंत्रातून पिळलंत, बाटल्यांत भरून तपासलंत. अहो, आई आजारी पडली तर तिला कोणी बाटलीत भरतं का?"

हशा पिकला. बऱ्याच माना मागे वळल्या, कारण गर्दीच्या शेवटी हातात नमुन्याची बाटली घेऊन ती उभी होती. पाणीपुरवठ्याच्या तपासणीखोलीत तिचं काम. तळ्यापासून शेवटच्या नळापर्यंत बाटल्या भरत हिंडायची, म्हणून सगळं शहर तिला बाटलीवाली म्हणायचं. तिला त्याचा कधी राग आला नव्हता. त्या दिवशी मात्र कान तापले, कारण बाबांच्या उजव्या हाताला, ती काचेची पेटी सांभाळत, तिचा सख्खा भाऊ, मासेवाला, उभा होता.

"आता ऐका," बाबा म्हणाले. काशाचं एक मोठं भांडं त्यांनी पेटीला खेटून मेजावर ठेवलं, लाकडी दांडा उचलला, डोळे मिटले आणि दांडा भांड्यावर हाणला. घण्ण!

"मिटा!"

आणि शिंपले मिटले. सगळेच्या सगळे, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच.

अंगणातून एकच सुस्कारा निघाला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले. एरवी कशालाच न हसणारा, न रडणारा शिंपी डोळे पुसू लागला.

"आज मी यांना घटकाभर गप्प केलं," बाबा म्हणाले. "उद्या मासेवाल्याच्या टाकीत माझं मंतरलेलं पाणी पडेल, मग ही तोंडं कायमची शिवली जातील. पटलं, तर शहराच्या मोठ्या नळाचं बघू. माझी जबरदस्ती नाही. पाणी कधी कोणावर जबरदस्ती करतं का?"

"पुरात करतं की," मागून कोणीतरी पुटपुटलं, पण शेजारच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

बाबांचं बोलणं असंच लांबत गेलं, आणि तेवढ्यात शिंपले हळूहळू पुन्हा उघडले. तिने ते लांबूनच पाहिलं. गर्दीतून वाट काढत ती मेजापाशी आली, आणि तिने हातातल्या बाटलीचं बूड मेजावर आपटलं. टक.

सगळे शिंपले मिटले.

"हे हादऱ्याने मिटतात," ती म्हणाली. तिचा आवाज मुळात लहान. "मंत्राने नाही. मेज हलवा, दार आपटा, नुसती हाताची सावली पाडा. जिवाला धोका वाटला की दार लावून घेतात, एवढंच."

मग जिन्यावरून एक पोरगं ओरडलं, "बाटलीवालीलापण मंत्र येतो!"

आणि बाबा, ज्यांना खरं म्हणजे घाम फुटायला हवा होता, ते प्रसन्न हसले. "पाहिलंत? एकदा माझा आवाज ऐकला, आता ते एका बाईच्या बाटलीलाही भितात! बसलेली जरब अशी असते, मंडळी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बुद्धिवान माणसाशी वाद घालता येतो, अडाण्याला समजावता येतं. पण ज्याला लाजच नाही त्याच्यापुढे माणूस उघडा पडतो. ती भावाकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "घरी बोलू. इथे नको."

*

हे शिंपले इथले नव्हेत. कुठल्याशा दुसऱ्या तळ्यातली एक सहलीची होडी कोणीतरी इथे आणली, तिच्या बुडाला चिकटून ते आले. त्यांची पिल्लं इतकी बारीक की पाण्यात असून दिसत नाहीत. ती नळात शिरतात, भिंतीला धागे टाकून चिकटतात, वाढतात. मग त्यांच्या पाठीवर दुसरी, त्यांच्या पाठीवर तिसरी. शहरात वरच्या मजल्यांवर पाणी चढेनासं झालं. पण सगळ्यात आधी गळा आवळला गेला तो तिच्या भावाचा. त्याच्या मासेपालनाच्या टाक्यांना तळ्यातून एकच नळ होता, आणि तो निम्म्याहून जास्त बुजला होता.

त्या टाक्या अण्णांनी, दोघा भावंडांच्या वडिलांनी, बांधल्या होत्या. लहान टाक्यांत पिल्लं वाढायची आणि मोठ्या टाकीत अंडी देणाऱ्या माद्या. त्यांतली सगळ्यांत थोरली म्हणजे म्हातारी. एक कल्ला फाटका, पाठ काळसर, आणि तोऱ्यात पोहणारी. टाकीच्या काठावर एक लाकडी फळी होती. अण्णा पत्र्याचा मग घेऊन त्या फळीवर बसायचे आणि तो फळीवर वाजवायचे: टक-टक, टक. पाणी हलायचं, आणि सगळ्या माद्या म्हातारीच्या मागून फळीखाली यायच्या. म्हातारी तर अण्णांच्या हातातून खायची. अण्णा गेल्यावर दादाने, तिच्या भावाने, तोच मग, तीच फळी, तीच टकटक चालू ठेवली. "अण्णा गेल्याचं माशांना अजून कळलेलं नाही," तो म्हणायचा, आणि त्यातच त्याला बरं वाटायचं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिघं बसली होती. वहिनींनी ताटं वाढली होती, जेवत कोणीच नव्हतं.

"दादा, तुझ्या टकटकीनेसुद्धा शिंपले मिटतात. कधी बघितलं नाहीस?"

"मी टकटक करतो तेव्हा माशांकडे बघतो. शिंपल्यांकडे कशाला बघू?"

"आज बघ. आणि बाबांच्या त्या मंतरलेल्या पाण्याच्या मडक्यांत काय आहे, ते मला एकदा तपासू दे. एक बाटली दे फक्त."

"शंका घेतली की पाणी नासतं, म्हणाले ते."

"दूध नासतं, दादा. पाणी असं नाही नासत."

वहिनींना हसू आलं. दादाला नाही आलं.

"माझा उपाय तुला माहीत आहे," ती म्हणाली. "एकेक टाकी पाळीपाळीने रिकामी करायची आणि कडकडीत सुकू द्यायची. पाण्याबाहेर हे शिंपले फार दिवस तग धरत नाहीत. नळ बंद करून त्यात गरम पाणी सोडायचं, मग खरवडायचा. तोंडाशी बारीक गाळणी लावायची, म्हणजे पिल्लं आत येणार नाहीत. यात माशाला, माणसाला, तळ्याला, कोणालाच धोका नाही."

"आणि मोठ्या टाकीतल्या माद्या?"

"पंपघरामागची जुनी टाकी मी धुऊन घेतलीय. तोवर तिथे."

"अंड्यांनी भरल्यात त्या, अगं! म्हातारीला आता जाळ्यात उचलली तर ती जगेल? लिहून देतेस?"

तिने लिहून दिलं नसतं. माहीत नसलेलं ती कधीच सांगत नसे. "धोका आहे," ती म्हणाली. "पण थोडा. सांभाळून केलं तर..."

"बघ. तू म्हणतेस धोका आहे, तू म्हणतेस थांब, तू म्हणतेस हळूहळू. सगळं खरं असेल तुझं. पण रोज सकाळी त्या वर तोंड काढून हवा गिळतात, आणि मी फळीवर बसून ते बघतो." दादाचा घास हातातच होता. "तो माणूस मला म्हणाला, 'होईल.' तुमच्यापैकी कोणी मला 'होईल' म्हणालं नाही गं."

विज्ञानाकडे 'होईल' हा शब्द नाही असं नाही, पण तो फार तपासून, फार उशिरा वापरायचा असतो. आणि खोटं बोलणाऱ्याच्या खिशात तो सुट्ट्या नाण्यासारखा खुळखुळत असतो.

"बरं, निदान मोठ्या टाकीत नको," ती शेवटी म्हणाली. "आधी एखाद्या लहान टाकीत करून बघ. एवढं तरी."

दादाने ताट जवळ ओढलं. भात कालवत राहिला. त्याची ती गप्प बसण्याची जुनी सवय. लहानपणीही मनाविरुद्ध काही झालं की तो असाच आतून कडी लावून घ्यायचा. तिला वाटलं, ऐकलं त्याने.

*

दुसऱ्या दिवशी तिची फेरी शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला होती. परतायला अंधार पडला. त्याच्या पुढच्या सकाळी दार वाजलं तेव्हा ती केस बांधत होती. दारात वहिनी. पायात चपला नाहीत.

"चला," एवढंच त्या म्हणाल्या.

मोठ्या टाकीवर पांढरं काहीतरी पसरलं होतं. आधी तिला वाटलं, फेस आहे. मग ती पोटं दिसली. एकाला एक लागून सगळ्या माद्या उताण्या तरंगत होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूला: नळाच्या तोंडाशी, फळीच्या खाली. म्हातारी फळीच्या खांबाला टेकली होती. फाटका कल्ला वर आला होता. शेजारच्या लहान टाक्यांतही पिल्लं उताणी पडली होती. फळीवर दादा बसला होता. हातात मग.

"काल संध्याकाळी ओतलं, सगळ्याच टाक्यांत," वहिनी सांगू लागल्या, भिंतीकडे बघत. "बाबा म्हणाले, पहिली धार सगळ्यांत गुणाची. म्हणून यांनी... यांनी तो मग वाजवून सगळ्यांना नळापाशी बोलावलं. म्हातारीला पहिलं मिळावं म्हणून."

ती गुडघ्यांवर बसली. टाकीच्या भिंतीवर, पाण्याखाली, शिंपल्यांची चादर तशीच होती. सगळे घट्ट मिटलेले. तिने एक ओढून काढला, नखाने फट उघडू पाहिली. शिंपल्याने आतून दार आणखी घट्ट ओढून घेतलं. मेलेला शिंपला सैल पडतो. याला चांगलाच जोर होता.

तिला सगळं समजलं, आणि समजल्याचा कसलाही आनंद झाला नाही. कोपऱ्यात बाबांची रिकामी मडकी रचलेली होती. एकाच्या तळाशी गडद निळा गाळ उरला होता. तिने तो बाटलीत घेतला. जुन्या खोक्यातून एक लोखंडी खिळा उपसला, घासून लख्ख केला. मग भिंतीवरचे मूठभर शिंपले काढून ते तळ्याच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या बरणीत घातले, आणि बरणी फळीवर, दादाच्या शेजारी ठेवली. दादाने बघितलंही नाही.

दुपारी मौनीबाबा गर्दी घेऊनच आले. मेलेले मासे बघून गर्दी बिचकली. बाबा नाही बिचकले. टाकीत वाकून त्यांनी शिंपले पाहिले आणि दोन्ही हात वर केले.

"शिवली! तोंडं शिवली गेली, मंडळी! आणि हे मासे? अरे, हे मासे नव्हेत, हे तुमचे रक्षणकर्ते! पाण्याचा सगळा राग त्यांनी अंगावर घेतला. आता शहराचा मोठा नळ! आजच! शुभ कामाला उशीर नको."

आणि लोकांच्या माना डोलल्या. खरंच डोलल्या. मोठा नळ म्हणजे तळ्याचं पाणी, म्हणजे प्रत्येक घरातला माठ, प्रत्येक बाळाची दुधाची बाटली.

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. "बाबा, एक विचारू? तुम्ही 'मिटा' म्हणालात, ते मिटले. आता जरा 'उघडा' म्हणा ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं ऐकतात ना ते? मग उघडून दाखवा. एक तरी."

बाबा हसले, पण या वेळी हसू ओठांवरच राहिलं. "शिवलेलं उसवू नये, बाई."

"उसवलेलं आहे," बाटलीवाली म्हणाली. तिने फळीवरची बरणी अलगद, धक्का न लावता, लोकांसमोर धरली. स्वच्छ पाण्यात शिंपले उघडले होते. एकेकाचं तोंड किंचित वर, आतून पांढरट कड हलत होती. जिवंत. ठणठणीत.

लोक पुढे सरकले. तिने दुसऱ्या हाताने निळ्या गाळाची बाटली दिली ती शिंप्याच्या हातात, आणि खिळा त्यात टाकायला सांगितला. "आता थोडं थांबा," ती म्हणाली. बरणी तिने परत अलगद फळीवर ठेवली. थोड्या वेळाने शिंप्याने खिळा बाहेर काढला. तो तांबूस झाला होता, जुन्या भांड्यासारखा.

"तांबं," शिंपी म्हणाला.

"मोरचूद," ती म्हणाली. "बागेत बुरशीवर मारतात तो. मडक्यात मंत्र नव्हता, मोरचूद होता. विष लागलं की शिंपला दार लावून घेतो आणि दिवसेंदिवस तसाच बसतो. पाणी स्वच्छ झालं की उघडतो. तो मेला नाही, शिवला गेला नाही, लपला फक्त." ती टाकीकडे वळली. "शिंपल्याला दार असतं. माशाला नसतं. माशाला श्वास घ्यायचा तर आहे ते पाणी कल्ल्यातून घ्यावंच लागतं."

"हे सगळं यंत्रवाल्यांचं..." बाबांनी सुरू केलं.

टक-टक, टक.

सगळे वळले. दादा फळीवर मग वाजवत होता. बरणीतले शिंपले एकदम मिटले. पाणी हललं नाही. त्याने पुन्हा वाजवलं. टक-टक, टक. नंतर त्याने तो मग खाली ठेवला.

"काल हाच मग होता," तो म्हणाला. कोणाकडेच बघत नव्हता. "शिंपल्यांनी ऐकलं आणि दारं लावली. यांनी ऐकलं आणि आल्या. मी बोलावलं म्हणून आल्या." तो फळीवरून उठला. "मोठ्या नळाला कोणी हात लावायचा नाही. तुमची पोरंही बोलावल्यावर येतात."

लोकांनी बाबांना शोधलं तेव्हा बाबा नव्हते; त्यांची गाडीही नव्हती. एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस इतका गुपचूप गेला की कुत्रंही भुंकलं नाही. मौनीबाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मौन पाळलं.

*

टाक्यांचं तळ्याकडे पाणी सोडणारं दार बंद ठेवून टाक्यांतलं विषारी पाणी तिने वेगळ्या खड्ड्यात उपसून घेतलं, एक थेंब तळ्यात जाऊ दिला नाही. मग टाक्या रिकाम्या झाल्या. आता काही हलवायचं नव्हतं, कशाला जपायचं नव्हतं. तिचा उपाय अगदी निर्धोक झाला होता. ऊन पडत राहिलं. शिंपले आधी घट्ट बसले, मग एकेक करून सैल पडले, आणि झाडू फिरवला की सरीसारखे खाली गळू लागले. नळात गरम पाणी सोडलं, तोंडाशी गाळणी बसली. शहराच्या दोन मोठ्या नळांपैकी एक बंद ठेवून सुकवायचा, मग दुसरा, हेही ठरलं. लोकांनी कमी दाबाचं पाणी मुकाट सोसलं.

म्हातारीला दादाने फळीजवळच पुरलं. तिथे कोणी बसत नाही.

एके दिवशी दुसऱ्या शहरातली माणसं आली. त्यांच्याकडेही शिंपले पोचले होते, आणि बाबाही.

"तुमच्याच टाकीत पहिला चमत्कार झाला म्हणे," त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या. "बाबा तुमचंच नाव सांगतात. मासेवाल्याला विचारा, म्हणतात."

बाटलीवाली तिथेच गाळणी धूत होती. तिने भावाकडे पाहिलं. असं काही विचारलं की तो आत कडी लावायचा, हे तिला माहीत होतं.

दादाने बरणी आणून फळीवर ठेवली. तिच्यात त्याने थोडे शिंपले मुद्दाम राखले होते, झाकण लावून. मग त्या बाईंच्या हातात मग दिला.

"वाजवा."

बाईंनी वाजवलं. शिंपले मिटले. त्यांनी दचकून वर पाहिलं.

"एवढाच चमत्कार," दादा म्हणाला. "हे मला माझ्या बहिणीने आधीच दाखवलं होतं. मी बघितलं नाही. मला घाई होती." त्याने बरणीचं झाकण घट्ट केलं. "कोणी म्हणालं की माझ्या शब्दाने होतं, तर तुम्ही स्वतः वाजवून बघा. त्याच्या शब्दाशिवायही होतंय का, ते बघा. तो मिटवतो म्हणाला तर उघडून दाखव म्हणा. मडकं दिलं तर आत काय आहे ते तपासायला द्या, आणि तपासू नका म्हणाला तर तिथेच उठून या. विचारल्याने काही नासत नाही. न विचारल्याने काय होतं, ते या टाकीत बघा."

त्यांनी पाहिलं. टाकी कोरडी होती.

ती माणसं गेल्यावर दादा तो मग धुऊन फळीवर ठेवायला गेला. ठेवता ठेवता, सवयीने, त्याने तो दोनदा फळीवर वाजवला. तिसरी टक त्याने वाजवली नाही. मग तसाच हातात धरून उभा राहिला, आणि ती गाळणी बाजूला ठेवून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"नवीन पिल्लं आणू," ती म्हणाली.

"त्यांना ही हाक माहीत नसेल."

"नसेल."

"शिकवावी का गं?"

ती लगेच काही म्हणाली नाही. माहीत नसलेलं ती सांगत नसे.